सत्तावन्न सालची 'एलेक्ट्रा' कशी ऐकावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोत्सार्ट आणि व्हर्दी तुम्ही आवडीने ऐकता. ते पाहून एका मित्राने रिचर्ड स्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा' या ऑपेराचं १९५७ सालचं झाल्झबुर्गमधलं प्रत्यक्ष प्रयोगाचं ध्वनिमुद्रण तुमच्या हातात ठेवलं. ऐकायला बसलात तर आवाज मोनो, मधेच प्रेक्षकांचे खोकले, रंगमंचावरची धडधड, आणि बाई सुरुवातीपासून किंचाळतायत. वीस मिनिटांत बंद केलंत. यात जाणकारांना एवढं काय सापडतं, आणि त्यापेक्षा एखादं स्वच्छ स्टुडिओतलं रेकॉर्डिंग घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

मी ध्वनिमुद्रक आहे. तीस वर्षं माईक लावण्यात आणि काढण्यात गेली. त्यातली दोन जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या ऑपेरागृहात, तिथल्या टोनमायस्टरच्या हाताखाली उमेदवारी करण्यात. टोनमायस्टर म्हणजे स्वरलिपी समोर ठेवून बसणारा, चुकलेला सूर पकडणारा ध्वनिमुद्रक. तिथे 'एलेक्ट्रा'चे चार प्रयोग मी पिटच्या, म्हणजे रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खड्ड्याच्या, कडेला केबलच्या भेंडोळ्यांत बसून ऐकले. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

स्टुडिओचं रेकॉर्डिंग घ्या, पण दुसरं म्हणून घ्या. पहिलं हेच ठेवा.

आपल्याकडे ज्यांच्या घरी जुन्या बैठकींच्या टेप आहेत त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात केलेली, चौथ्या हातातून आलेली टेप असते. तिच्यात पंख्याची घरघर, कपबशीचा आवाज, मागून कुणीतरी दिलेली दाद. त्याच गवयाची, तोच राग गायलेली, कंपनीची स्वच्छ तबकडीही घरात असते. तरीही लोक टेप लावतात, कारण तबकडीत राग आहे आणि टेपेत तो राग गाणारा माणूस त्या रात्री कुठे अडला, कुठे सुटला हे आहे. 'एलेक्ट्रा'च्या बाबतीत हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. कारण या ऑपेरात गाणारी बाई थकत जाणं हाच कथेचा एक भाग आहे.

आधी कथा, कारण ती माहीत नसेल तर पहिली वीस मिनिटं नुसता कोलाहलच वाटणार. ट्रॉयचं युद्ध जिंकून आलेल्या आगामेम्नॉन राजाला त्याची राणी क्लितेम्नेस्त्रा आणि तिचा प्रियकर एगिस्त यांनी न्हाणीघरात कुऱ्हाडीने मारलं. मुलगा ओरेस्त लहान होता, त्याला दूर पाठवलं गेलं. थोरली मुलगी एलेक्ट्रा मिकेनीच्या राजवाड्याच्या मागच्या अंगणात कुत्र्यांबरोबर खाते, रोज संध्याकाळी बापाच्या नावाने टाहो फोडते आणि भावाची वाट पाहते. बापाला मारलेली कुऱ्हाड तिने पुरून ठेवली आहे. बस्स, एवढंच. सॉफोक्लीसच्या नाटकातही कथेचा सांगाडा हाच आहे.

नाटककार हुगो फॉन हॉफमन्सथालने या सांगाड्यातून देव काढून टाकले, कोरस काढून टाकला, आणि उरलेल्या तिघींना, म्हणजे राणी, एलेक्ट्रा आणि धाकटी बहीण क्रिसोथेमिस यांना, आपापल्या वेडासकट एका अंगणात कोंडलं. ते व्हिएन्नाचे दिवस होते. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरचा ग्रंथ १८९५ साली आला होता आणि हॉफमन्सथालने तो वाचलेला होता. त्याची एलेक्ट्रा भूतकाळातल्या एका क्षणाला चिकटून बसली आहे, तिच्यासाठी घड्याळ तिथेच थांबलंय. दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टने १९०३ मध्ये बर्लिनमध्ये हे नाटक केलं, स्ट्राउसने ते पाहिलं, आणि २५ जानेवारी १९०९ रोजी ड्रेस्डेनमध्ये ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्याच वर्षी संगीतकार शोनबर्गने 'एर्वार्टुंग' लिहिलं. तेही एका एकट्या बाईच्या डोक्यात चाललेलं नाटक. जर्मन अभिव्यक्तिवादाचं, म्हणजे मनातली खळबळ उघडी करून मांडणाऱ्या कलेचं, संगीतातलं दार ज्या वर्षी उघडलं ते हे. स्ट्राउस मात्र त्या दारात उभा राहून आत डोकावला आणि मागे फिरला. त्याचा पुढचा ऑपेरा, १९११ चा 'रोझेनकाव्हलियर', वॉल्ट्झने भरलेला आहे. पण डोकावून त्याने जे पाहिलं ते 'एलेक्ट्रा'त आहे.

आता त्या किंचाळण्याबद्दल.

'एलेक्ट्रा'च्या पिटमध्ये सुमारे एकशे दहा वादक बसतात. स्वरलिपीत तंतुवाद्यंच बासष्ट मागितली आहेत: व्हायोलिनचे तीन गट, व्हायोलाचे तीन गट, चेलोचे दोन. पहिल्या गटातले सहा व्हायोलावादक मधेच आपली वाद्यं खाली ठेवून व्हायोलिन उचलतात आणि चौथा व्हायोलिन-गट बनतात. आम्ही त्यांच्यासमोर लावलेला माईक तिथे अचानक दुसऱ्याच वाद्याचा माईक होऊन जायचा, आणि पहिल्या रात्री मी त्यावर झोपलो होतो. शिवाय आठ क्लॅरिनेट, हेकेलफोन नावाचं ओबोचं भारदस्त भावंड, वाग्नर ट्यूबा, सहा ट्रम्पेट. या भिंतीच्या पलीकडून बाईला ऐकू यायचंय. मायक्रोफोन नाही. फक्त छाती आणि कवटीच्या पोकळ्या.

पहिल्या प्रयोगात क्लितेम्नेस्त्रा झालेल्या एर्नेस्टिन शुमान-हाइंक नंतर या भूमिकेपासून लांबच राहिल्या. तालमीत स्ट्राउस वाद्यवृंदाला 'अजून जोरात, मला अजून हाइंकबाई ऐकू येतायत' असं ओरडला, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे. कारण हाच स्ट्राउस पुढे तरुण कंडक्टरांसाठी नियम लिहिताना म्हणतो की 'सालोमे' आणि 'एलेक्ट्रा' मेंडेल्सोनने लिहिल्यासारखे वाजवा, पऱ्यांच्या संगीतासारखे. दोन्ही एकदम खरं असू शकतं. कागदावर हे संगीत बहुतेक वेळ बारीक कशिद्यासारखं आहे, आणि जिथे ते फुटतं तिथे एकशे दहा माणसं एकदम फुटतात.

एलेक्ट्राची भूमिका करणारी गायिका सुरुवातीची सहा-सात मिनिटं, म्हणजे विहिरीवरच्या दासींची कुजबुज, सोडली तर शेवटपर्यंत रंगमंचावर असते. ऑपेरा एकाच अंकाचा आहे. काटछाट न करता सुमारे शंभर मिनिटं. मध्यंतर नाही, टाळ्यांसाठी जागा नाही. आपल्या संगीत नाटकात वन्स मोअरमध्ये नटाला दम घ्यायला मिळायचा, तेही इथे नाही. आल्या आल्या तिला दहा मिनिटांचं स्वगत आहे, 'एकटी! हाय, अगदी एकटी', आणि त्यातच वरचे सूर लागतात. पुढे ऐंशी मिनिटं शिल्लक आहेत हे तिला ठाऊक असतं. प्रत्येक एलेक्ट्राला त्या पहिल्या स्वगतातच हिशेब मांडावा लागतो: आता किती खर्च करायचे, शेवटच्या नाचासाठी किती गाठीला ठेवायचे.

स्टुडिओत हा हिशेब लागत नाही. स्वगत सोमवारी, भावाबहिणीची भेट गुरुवारी, शेवट पुढच्या आठवड्यात. मधे चहा. सूर चुकला तर पुन्हा. गैर काहीच नाही त्यात, मी स्वतः तेच करून पोट भरलंय. पण ज्या ऑपेराचा विषयच 'एका माणसाकडे एवढी एकच गोष्ट उरली आहे आणि ती झाली की तो संपणार' असा आहे, तिथे खर्च ऐकू येणं महत्त्वाचं ठरतं.

आता ती रात्र. ७ ऑगस्ट १९५७, झाल्झबुर्ग, फेल्झनराइटशूलं. नावाचा अर्थ खडकातली घोडेस्वारीची शाळा. आर्चबिशपांच्या काळात, १६९३ मध्ये, डोंगराचा कडा कोरून प्रेक्षकांसाठी कमानींच्या तीन रांगा काढल्या, एकूण ९६ कमानी. खाली घोडे फिरायचे आणि लोक वरून बघायचे. पुढे उलटं झालं: घोड्यांच्या जागी प्रेक्षक आले आणि कमानी नेपथ्य झाल्या. मिकेनीचा राजवाडा उभा करायला याहून चांगली जागा कुठल्या रंगकर्मीने मागितली असती? खरं तर ही जागा 'एलेक्ट्रा'ची हक्काचीच. १९२० साली झाल्झबुर्गचा महोत्सव सुरू करणाऱ्यांत नाटक लिहिणारा हॉफमन्सथाल होता, नाटक बसवणारा राइनहार्ट होता आणि स्ट्राउसही होता.

पिटमध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिक. समोर कंडक्टर दिमित्री मित्रोपूलोस. अथेन्समध्ये १८९६ साली जन्मलेला ग्रीक, म्हणजे ही त्याच्या घरचीच कथा. अख्खी स्वरलिपी डोक्यात घेऊन उभा राहणारा माणूस. आयुष्यातला बराच काळ त्याने छडीही हातात घेतली नाही. 'एलेक्ट्रा' त्याने स्टुडिओत कधीच मुद्रित केला नाही. आपल्याकडे उरलंय ते सगळं प्रत्यक्ष प्रयोगांतून. त्यांतच १९४९ चा नाताळच्या दिवशीचा न्यूयॉर्कचा मैफलवजा प्रयोग, फ्लॉरेन्सचा एक, आणि हा. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९६० मध्ये, मिलानच्या स्काला थिएटरात मालरच्या तिसऱ्या सिंफनीची तालीम घेताना तो कोसळला आणि गेला.

एलेक्ट्रा: इंगे बोर्क. हे नाव नीट लक्षात ठेवा. त्या आधी नाटकाचं आणि नृत्याचं शिक्षण घेतलेल्या, गाणं मागून आलेलं. ऐकताना हे कळतं, कारण त्या शब्द आधी टाकतात आणि सूर त्या शब्दावर चढतो. बहुतेक मोठ्या आवाजाच्या गायिका उलट करतात. क्लितेम्नेस्त्रा झालेल्या जीन मडेरा या अमेरिकन, खालच्या पट्टीच्या, काळ्याभोर आवाजाच्या. धाकटी बहीण क्रिसोथेमिस लिझा देला काझा. मोत्सार्टसाठी आणि स्ट्राउसच्याच 'अराबेला'साठी ओळखला जाणारा चांदीसारखा आवाज, त्यामुळे या चिखलात तीच एक स्वच्छ बाई वाटते. ओरेस्त कुर्ट ब्योमं. आणि एगिस्तच्या छोट्याशा भूमिकेत माक्स लोरेंझ. हा युद्धापूर्वीचा मोठा वाग्नर-गायक. एकेकाळचा झिगफ्रीड, म्हणजे वाग्नरचा वीरनायक, आता कंदिलाच्या उजेडात ठेचकाळत मरायला येतो. नाटकाला बाहेरून असा रंग मिळतो कधीकधी.

माईकचं बघू. ऑस्ट्रियन रेडिओचं हे ध्वनिमुद्रण नंतर ऑर्फिओ या कंपनीने महोत्सवाच्या दस्तऐवजांच्या मालिकेत काढलं. मोनोमध्ये सगळं एका रेषेत येतं. ऐकलंत तर लक्षात येईल की आवाज पुढे आहेत आणि वाद्यवृंद त्यांच्या मागे, किंचित दाबलेला. हेकेलफोन, बासेट हॉर्न अशी खालची लाकडी वाद्यं एकमेकांत विरघळतात. स्ट्राउसच्या कशिद्याचा निम्मा धागा इथे हरवतो, हे कबूल. पण बदल्यात काय मिळतं? शब्द. थिएटरात बसून कुठल्याही प्रेक्षकाला एवढे शब्द ऐकू येत नाहीत. बोर्कबाईंचा श्वास ऐकू येतो. वाक्याच्या आधी घेतलेला, भरून घेतलेला श्वास, आणि कधी वाक्याच्या मधे चोरलेला. जे धडधडतं ते पाय आहेत. त्या काळच्या अशा ध्वनिमुद्रणांत कान दिला तर अधूनमधून प्रॉम्प्टरही कुजबुजताना सापडतो. मला ते आवडतं. आपल्या नाटकवाल्यांना त्यात घरच्यासारखं वाटेल.

मोनो म्हणजे कमी प्रतीचं, हा गैरसमज आधी काढून टाका. मोनो म्हणजे एका ठिकाणी उभं राहून ऐकणं. त्याचा एक व्यावहारिक नियम आहे: हेडफोन नको. हेडफोनमध्ये मोनो डोक्याच्या मध्यभागी खिळ्यासारखं बसतं, आणि 'एलेक्ट्रा' असं ऐकलं तर वीस मिनिटांत बंद करावंसं वाटणारच. दोन स्पीकर असतील तरी चालेल, एकच असेल तर आणखी उत्तम. तो खोलीत थोडा लांब ठेवा. आवाज दासींच्या पहिल्या प्रवेशावर ठरवू नका. एलेक्ट्राच्या स्वगतात ती बापाला हाक मारते त्या जागेवर ठरवा, आणि मग बटणाला हात लावू नका. मऊ जागी आवाज वाढवायचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर पुढच्या स्फोटाला उडालच.

आणि संहिता हातात हवीच. जर्मन येत नसेल तर इंग्रजी भाषांतर चालेल. मात्र ओळीमागून ओळ जुळवताना पानं मधेच गायब झाली तर गोंधळू नका. त्या काळी थिएटरात 'एलेक्ट्रा' परंपरेने काही काटछाट करूनच होत असे, इथेही तसंच आहे. कात्री मुख्यतः एलेक्ट्राच्या लांब, शिव्याशापांनी भरलेल्या उताऱ्यांवर चालते. संगीताचं नुकसान होतं हे खरं. पण एकदा पिटच्या कडेला बसून त्या बाईचा घसा शेवटच्या अर्ध्या तासात काय सोसतो ते पाहिल्यावर मी त्या कात्रीबद्दल तक्रार करणं सोडून दिलं.

पहिल्यांदा सगळं ऐकायची घाई करू नका. क्लितेम्नेस्त्राच्या प्रवेशापासून सुरू करा. मिरवणूक येते, बळी द्यायची जनावरं, चाबकाचे फटकारे. तालवाद्यांत स्ट्राउसने खरोखरच काटक्यांचा जुडगा लिहिलाय. मग सगळं एकदम शांत. ताईत-गंडे लटकवलेली राणी आपल्याच मुलीला विचारते: माझ्या रात्री चांगल्या जात नाहीत, स्वप्नांवर काही उपाय आहे का तुझ्याकडे? पुढची दहा-पंधरा मिनिटं स्ट्राउसने आयुष्यात लिहिलेलं सर्वांत धाडसी संगीत आहे. सप्तकाला तळ उरत नाही, कुठला सूर घर आणि कुठला परका हे कळेनासं होतं. आई आजारी आहे, मुलगी वैद्याचा आव आणते. हळूहळू तिच्याकडून काढून घेते की बळी कुणाचा हवा, कुठल्या जागी, कुठल्या वेळी. आणि मग सांगते: बळी तूच.

या प्रवेशात मडेराबाई किंचाळत नाहीत. बऱ्याच क्लितेम्नेस्त्रा चेटकीण होतात, म्हातारी, खोकणारी, हातवारे करणारी. या मात्र राणीच राहतात, झोप न मिळालेली राणी. तो खालचा आवाज मोनोतही अंगावर येतो. तुम्ही वीस मिनिटांत बंद केलंत म्हणजे नेमके इथे पोचायच्या आत उठलात.

नंतर ओळखीचा प्रसंग. ओरेस्त मेला, त्याच्याच घोड्यांनी त्याला तुडवलं, अशी बातमी आली आहे. एलेक्ट्राने धाकटीला मदतीला बोलावलं, धाकटीने नकार दिला, एलेक्ट्राने तिला शाप दिला, आणि आता एलेक्ट्रा एकटीच नखांनी कुऱ्हाड उकरून काढते आहे. अंगणात एक परका माणूस उभा राहतो. तो ओरेस्त आहे हे कळल्यावर वाद्यवृंद फुटतो, आणि मग हळूहळू उतरतो. इतका मोठा स्फोट विरायला वेळ लागतो, आणि स्ट्राउस तो वेळ देतो. त्यानंतर ए-फ्लॅट मेजरमध्ये जे येतं ते संपूर्ण ऑपेरातलं पहिलं निखळ गाणं. स्ट्राउसने इथे हॉफमन्सथालकडून मुद्दाम जास्तीच्या ओळी मागून घेतल्या होत्या, पहिल्या हाकेनंतर एक विसावा हवा म्हणून. खरं तर तासभर ओरडून झालेल्या गायिकेकडून आता मऊ, लांब, वर जाणारी ओळ मागायची म्हणजे क्रूरपणाच. या जागी बोर्कबाईंचा आवाज नितळ नाही. त्यात त्या तासाचा गाळ आहे. आणि एलेक्ट्राही तेच म्हणत असते: माझ्याकडे बघू नकोस, मी आता सुंदर राहिलेली नाही.

हीच ओळ याच बाईंच्या आवाजात तुम्हाला स्टुडिओतही ऐकता येते, म्हणून तर मी दुसरं रेकॉर्डिंग घ्या म्हटलं. १९६० मध्ये कंडक्टर कार्ल ब्योमने ड्रेस्डेनमध्ये डॉइचं ग्रामोफोन कंपनीसाठी 'एलेक्ट्रा' मुद्रित केला. एलेक्ट्रा पुन्हा बोर्क, क्लितेम्नेस्त्रा पुन्हा मडेरा, ओरेस्त दीट्रिश फिशर-डीस्काऊ. वाद्यवृंद तोच, ज्याने १९०९ चा पहिला प्रयोग वाजवला होता. (ज्या इमारतीत तो झाला ती मात्र १९४५ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेली, आणि ती पुन्हा उघडली थेट १९८५ मध्ये.) स्टिरिओ, स्वच्छ, सगळी वाद्यं आपापल्या जागी. इथे तुम्हाला झाल्झबुर्गमध्ये हरवलेला कशिदा दिसेल. आणि त्याच दोन बायका, तीनच वर्षांनी, तीच वाक्यं गातात. ही जोडी माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या विद्यार्थ्याला द्यावी असा सर्वांत सोपा धडा आहे. दोन्हीतला ओळखीचा प्रसंग लागोपाठ लावा. ड्रेस्डेनला सूर जास्त सुंदर लागतो. झाल्झबुर्गला तो सूर लागेल की नाही हे त्या क्षणापर्यंत ठरलेलं नसतं.

अशी दुसरीही एक जोडी आहे. एलेक्ट्रा बिर्गिट निल्सन: एकीकडे डिसेंबर १९६५ चा व्हिएन्नाचा ब्योमचा प्रत्यक्ष प्रयोग, दुसरीकडे १९६६-६७ मध्ये गेओर्ग शोल्टीने व्हिएन्नाच्याच सोफियनझाल या सभागृहात डेक्का कंपनीसाठी केलेलं मुद्रण. शोल्टीचं काटछाट नसलेलं, निर्माता जॉन कलशॉच्या देखरेखीखाली, आवाजाच्या करामतींसह. राणीचं हसणं राजवाड्याच्या आतून घुमत येतं वगैरे. निल्सनबाईंचा आवाज पोलादी, थकवा हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. म्हणून गंमत अशी की त्यांच्या जोडीत फरक कमी जाणवतो. व्हिएन्नाच्या प्रयोगात खरी जिवाची बाजी लावते ती क्रिसोथेमिस झालेली लेओनी रिझानेक. रिझानेकबाई पुढे ब्योमच्याच शेवटच्या चित्रपटात, १९८१ च्या सुमारास, एलेक्ट्रा झाल्या, रंगमंचावर मात्र त्यांनी ती कधी केली नाही. आणि म्हातारपणी क्लितेम्नेस्त्रा झाल्या. एकाच आयुष्यात तिन्ही बायका.

नवीन प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांत २०१४ चं बर्लिन फिलहार्मोनीतलं क्रिस्टियान टीलेमनचं ऐका, तेही ड्रेस्डेनच्याच वाद्यवृंदाचं. ते नेपथ्याविना, मैफलीसारखं केलेलं आहे. वाद्यवृंद रंगमंचावर, पिट नाही, त्यामुळे स्ट्राउसचा प्रत्येक धागा दिसतो. एव्हेलिन हेर्लित्सियुस यांची एलेक्ट्रा अंगावर धावून येते, आणि वाल्ट्राउड मायर यांची क्लितेम्नेस्त्रा कुजबुजते. फक्त एक ध्यानात ठेवा: आजकाल 'लाइव्ह' म्हणून मिळणारं बरंच काही दोन-तीन रात्रींतून आणि तालमींतून शिवलेलं असतं. मीही शिवलंय. टाके दिसत नाहीत, पण एका रात्रीचा हिशेब त्यात उरत नाही.

शेवट राहिला. ओरेस्त आत जातो. एलेक्ट्राला दार बंद झाल्यावर आठवतं की कुऱ्हाड त्याला द्यायची राहूनच गेली. बापाच्या खुनाचं हत्यार इतकी वर्षं जपलं आणि नेमक्या क्षणी विसरली. हे सॉफोक्लीसमध्ये नाही, हॉफमन्सथालचं आहे, आणि मला यात सगळी एलेक्ट्रा दिसते: ती कृती करू शकत नाही, फक्त आठवण ठेवू शकते. आतून आईची किंकाळी येते आणि मुलगी ओरडते, 'आणखी एक घाल!' ही ओळ मात्र थेट सॉफोक्लीसची, अडीच हजार वर्षांची. मग एगिस्त येतो, त्याला ती कंदिलाने वाट दाखवते, आणि वाद्यवृंद लाडीगोडीने डुलायला लागतो. तोही आत जातो.

त्यानंतरचं नृत्य. हॉफमन्सथालने सूचनेत लिहिलंय की या नाचाला नाव नाही. ती गुडघे उचलते, हात ताणते. आपण अंगात येणं म्हणतो तसं, फक्त इथे कौल लावायला कुणी पुढे येत नाही. धाकटी बहीण आनंदाची बातमी सांगत येते, तिला ती सांगते: गप्प राहा आणि नाच. आणि कोसळते. शेवट सी मेजरमध्ये आहे, पाश्चात्त्य संगीतातल्या सर्वांत साध्या, उजळ जागेत. पण त्यात मधेच ई-फ्लॅट मायनरचा काळा पट्टा घुसतो, पुन्हा पुन्हा. क्रिसोथेमिस दारावर धडका मारत भावाला हाका मारते. दार उघडत नाही. त्या धडका झाल्झबुर्गच्या ध्वनिमुद्रणात लाकडावरच्या वाटाव्यात इतक्या खऱ्या येतात.

शनिवारी संध्याकाळी लावा, दिवा कमी करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दासींपासून शेवटपर्यंत, मधे न उठता. आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मी एकदा सांगितलं नव्हतं. आईची किंकाळी झाल्यावर पाचव्या मिनिटाला बेल वाजली, दारात सोसायटीचा वॉचमन काठी घेऊन उभा होता.